डावललेला डावा हात

"दोन्ही हात समोर उचला आणि तसेच धरून ठेवा," असे डॉक्टरांनी सांगितले आणि मी ते केले, अशी माझी पूर्ण खात्री होती. "उचलले का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी "हो" म्हणाले. "दोन्ही?" असे त्यांनी पुन्हा विचारले आणि मी पुन्हा "हो" म्हणाले. पलंगाच्या उजव्या बाजूला उभी असलेली माझी मुलगी त्या क्षणी तोंड फिरवून खोलीबाहेर गेली. माझा उजवा हात वर होता आणि डावा हात चादरीवर जसाच्या तसा पडून होता, हे तिने मला पुढे तीन आठवड्यांनी सांगितले. सांगितल्यावरही मला ते दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखे वाटले, कारण माझ्या आठवणीत आजही ते दोन्ही हात वर आहेत.

मी तेव्हा ५३ वर्षांची होते आणि वीस वर्षांहून अधिक काळ मुद्रितशोधनाचे काम करत होते. मेंदूच्या उजव्या गोलार्धाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या मोठ्या धमनीच्या एका फांदीत गुठळी अडकली आणि तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबला. पक्षाघाताचा हा झटका झोपेत आला. सकाळी उठताना मी डावीकडे कलंडले, दाराच्या चौकटीवर आपटले आणि तरीही "काही नाही, पाय घसरला" असे म्हणत राहिले. मला वेदना नव्हती, बोलणे स्पष्ट होते, शब्द सापडत होते. बहुतेकांची भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असतात आणि ती माझी सुरक्षित होती. त्यामुळे मी इतक्या ठामपणे "मी ठीक आहे" म्हणू शकले की घरच्यांनी एक मौल्यवान तास माझ्यावर विश्वास ठेवण्यात घालवला. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यायचे असते आणि झोपेत झटका आला असेल तर रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या वेळेपासून हे तास मोजले जातात. माझ्या बाबतीत ती वेळ आदल्या रात्रीची होती. झोपेतल्या झटक्यातही एमआरआयचे चित्र अनुकूल असेल तर ते औषध काही वेळा देता येते, पण माझे चित्र तसे नव्हते. याबद्दल मी कुणालाही दोष देत नाही. माझ्या मेंदूचा जो भाग "काहीतरी बिघडले आहे" असे मला सांगणार होता, तोच बिघडला होता. या अवस्थेला बाबिन्स्की या फ्रेंच चेतातज्ज्ञाने १९१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले, अॅनोसोग्नोसिया, म्हणजे स्वतःच्या आजाराचे भान नसणे, हे मी नंतर वाचले. त्यांनी वर्णन केलेले रुग्णही डाव्या अंगाच्या पक्षाघाताचेच होते, हे वाचून मला पहिल्यांदा थोडे हलके वाटले, कारण तोवर मी त्या सकाळच्या हट्टाला माझा स्वभावदोष समजत होते.

मेंदूकडून हालचालीची आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू सुरू होण्याच्या थोडे आधी, एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात आणि म्हणून उजव्या गोलार्धाला इजा झाली की डावे अंग लुळे पडते. एवढी माहिती भेटायला येणाऱ्या बहुतेकांना होती. तिच्या आधारावर ते सगळे एकच वाक्य बोलत असत, "बरे झाले, डावा हात गेला. उजवा शाबूत आहे, वाचाही आहे." त्यांच्या मनात मायाच होती. पण आज मागे वळून पाहताना मला वाटते, की माझ्या हाताचे सर्वांत जास्त नुकसान त्या वाक्याने केले. आपल्या भाषेत दुर्लक्ष करून बाजूला सारण्याला 'डावलणे' म्हणतात आणि त्या क्रियापदात 'डावा' आहे. माझ्या मेंदूने माझा डावा हात डावलला होता, आणि भोवतालच्या माणसांनीही तो सद्भावनेनेच डावलला.

पहिले काही दिवस हात पूर्णपणे सैल होता. उचलून सोडला की ओल्या कापडासारखा खाली पडायचा. या अवस्थेत सर्वांत जास्त जपावा लागतो तो खांदा, कारण दंडाचे हाड खोबणीत धरून ठेवणारे स्नायूच झोपलेले असतात आणि हाताचे सगळे वजन सांध्याच्या आवरणावर येते. हे तेव्हा आम्हांला कुणी सांगितले नव्हते. मला पलंगावर वर सरकवताना एका मदतनिसाने माझ्या डाव्या काखेत हात घालून आणि मनगट धरून मला ओढले. त्या वेळी मला काहीच जाणवले नाही. दहा दिवसांनी खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा दिसू लागला, आणि संवेदना जसजशी परतली तसतशी वेदनाही आली. पुढचे पाच महिने हात खांद्यापर्यंत उचलण्याचा प्रत्येक व्यायाम त्या वेदनेने अडवला. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना मी पहिली विनंती हीच करते, की लुळ्या हाताला धरून माणसाला कधीही ओढू नका. खांद्याच्या मागून, पाठीला आधार देऊन उचला. बसवले की हाताखाली उशी ठेवा. कुशीवर वळवताना तो हात अंगाखाली अडकला नाही ना, हे डोळ्यांनी पाहा, कारण रुग्णाला ते कळेलच असे नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला पलंगाच्या कडेला बसवले, तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मी माझ्या चांगल्या, उजव्या हाताने गादीवर जोर लावून स्वतःला डावीकडे ढकलत होते. फिजिओथेरपिस्ट मला मध्यावर आणायला लागल्या की मी घाबरून ओरडायचे, कारण त्या मला उजवीकडे पाडत आहेत असे मला वाटायचे. त्यांनी ते ढकलणे बळाने थोपवले नाही. त्यांनी मला समोरच्या दाराची उभी चौकट दाखवली आणि विचारले, "ही सरळ आहे का?" मी हो म्हणाले. "आता तुमचे नाक आणि पोट त्या रेषेशी जुळते का, बघा." ते जुळत नव्हते. डोळ्यांना दिसणारी उभी रेषा सरळ होती, पण शरीराला वाटणारी उभी रेषा कललेली होती. अशा रुग्णांना शरीर इजेच्या बाजूला, म्हणजे माझ्यासारख्यांना उजवीकडे, साधारण १८ अंश कललेले असताना आपण सरळ बसलो आहोत असे वाटते, असे मोजमाप जर्मन संशोधकांनी २००० मध्ये मांडले आहे. त्या दिवसापासून मी बसताना आतल्या जाणिवेवर विश्वास ठेवणे सोडले आणि चौकट, पडद्याची कड, खिडकीचा गज यांच्यावर ठेवायला लागले. उजवीकडे ठेवलेल्या उशीला मुद्दाम खांदा लावून परत यायचे, असा व्यायाम दिवसातून अनेकदा चालायचा. दोन महिन्यांत हे ढकलणे गेले. सगळ्या अडचणींत लवकर आणि पूर्णपणे गेलेली अडचण ही एकच.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताची बोटे हलली. सगळ्यांना आनंद झाला आणि त्याच आनंदातून पुढचा गैरसमज जन्माला आला. "बोटे मिटा" असे सांगितले की मी मिटायचे, "कोपर वाकवा" म्हटले की थोडे वाकायचे. पण कुणी सांगितले नाही तर तो हात दिवसभर जिथे ठेवला असेल तिथेच राहायचा. कूस बदलताना मागे राहायचा, चाकाच्या खुर्चीच्या बाहेर लोंबायचा, एकदा तर चाकाच्या आऱ्यांत बोटे अडकली आणि ती अडकल्याचे मुलीने ओरडल्यावरच मला कळले. घरच्यांना वाटे, की ताकद आली आहे तरी ही वापरत नाही, म्हणजे हिची इच्छाच कमी पडते आहे. "आई, मनावर घे ना," असे मुलगी काकुळतीने म्हणायची. मी मनावर घेतच होते. तो हातच मनात येत नव्हता.

हा फरक ज्या तपासणीत उघड झाला ती मला जशीच्या तशी आठवते. व्यवसायोपचार करणाऱ्या, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या, तरुण तज्ज्ञांनी मला डोळे मिटायला सांगून आधी फक्त डाव्या हातावर बोट टेकवले. मला स्पर्श कळला. मग फक्त उजव्या हातावर टेकवले, तेही कळले. नंतर त्यांनी दोन्ही हातांना एकाच वेळी स्पर्श केला आणि मी म्हणाले, "उजवा." पाच वेळा त्यांनी तसे केले आणि पाचही वेळा मी "उजवा" एवढेच म्हणाले. मग हालचालीचेही तसेच केले. फक्त डावी मूठ उघडमीट करायला सांगितली तेव्हा ती संथपणे का होईना होत होती, पण दोन्ही मुठी एकदम उघडमीट करायला सांगितल्यावर उजवी चालू राहिली आणि डावी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी थांबली. ती थांबल्याचे मला कळले नाही. त्यांनी माझ्या मुलीला शांतपणे समजावले, "हाताला ताकद आहे की नाही आणि मेंदू हाताची दखल घेतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आईंना दोन्ही आहेत. ताकदीचे व्यायाम कितीही केले तरी दुसरा प्रश्न त्यांनी सुटत नाही." त्या दिवसानंतर मुलीने मला "मनावर घे" असे कधीही म्हटले नाही. त्याऐवजी ती विचारायची, "आई, हात कुठे आहे?" आणि मी मान डावीकडे वळवून, डोळ्यांनी शोधून, उजव्या हाताने तो मांडीवर आणून ठेवायचे. दिवसातून शंभर वेळा तरी हा प्रश्न तिने विचारला असेल.

उजव्या गोलार्धाच्या इजेनंतर डावीकडचे जग असे निसटणे अधिक वेळा घडते आणि अधिक काळ टिकते, कारण डावा गोलार्ध मुख्यतः उजवीकडेच लक्ष देतो, तर उजवा गोलार्ध दोन्हीकडे देतो. त्यामुळे डावा बिघडला तर उजवा काही प्रमाणात सांभाळून घेतो, पण उजवा बिघडला की डावीकडे पाहणारे कुणी उरत नाही, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. माझ्या हाताशी मुद्रिते होती, म्हणून मला याचा पुरावा शब्दांत सापडला. 'अवकाश' हा शब्द मी 'प्रकाश' असा वाचत होते, 'अनुभव' हा 'वैभव' असा. शब्दाचे उजवे टोक जागेवर असायचे आणि डावे टोक मेंदू स्वतःच्या मनाने भरून टाकायचा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडल्या, त्याला पानाचा अख्खा डावा समास दिसू नये याचे दुःख मी शब्दांत सांगू शकत नाही. पानाच्या डाव्या कडेला तांबडी पट्टी चिकटवायची, प्रत्येक ओळ संपली की ती पट्टी दिसेपर्यंत नजर मागे न्यायची आणि मगच पुढची ओळ सुरू करायची, हा उपाय मला तज्ज्ञांनी शिकवला. पुढे तीच तांबडी पट्टी माझ्या डाव्या मनगटावरही आली.

हे निसटणे केवळ डोळ्यांचे नाही, याची खात्री मला एका साध्या प्रश्नाने पटली. माझ्या कामाच्या खोलीच्या दारात उभी आहेस असे समजून डोळे मिट आणि काय काय आहे ते सांग, असे मला सांगण्यात आले. मी टेबल, दिवा, खिडकी, कपाट सांगितले, सगळे उजवीकडचे. मग खिडकीपाशी उभी राहून दाराकडे तोंड केले आहेस असे समज, असे सांगितले, तेव्हा मी पुस्तकांची मांडणी, घड्याळ आणि आरामखुर्ची सांगितली आणि मघाशी सांगितलेली सारी बाजू गाळली. हा प्रयोग मूळचा इटलीतला. बिसियाक आणि लुझाट्टी यांनी १९७८ मध्ये मिलान शहराच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकाबद्दल त्यांच्या रुग्णांना असेच विचारले होते आणि त्यांनीही आठवणीतला चौक असाच अर्धा सांगितला होता. डोळ्यांसमोरची नसलेली, केवळ मनातली जागासुद्धा जिथे अर्धी होते, तिथे त्या बाजूला हात न्यायची इच्छाच उगवत नाही यात नवल ते काय?

लक्षाचा प्रश्न असा मार्गी लागत होता, तोवर स्नायू बदलू लागले. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून सैल हात ताठ होऊ लागला. कोपर वाकलेले, मनगट खाली झुकलेले, अंगठा तळव्यात आणि त्यावर बाकीची बोटे मिटलेली, अशी त्याची मुद्रा ठरून गेली. पायाचे उलट झाले. तो गुडघ्यात सरळ ताठ राहू लागला आणि पाऊल खाली व आतल्या बाजूला वळू लागले. एका सकाळी मी मोठी जांभई दिली आणि माझा डावा हात आपोआप छातीपर्यंत वर आला. मुलीने ते पाहिले आणि आनंदाने रडत तिने सगळ्यांना बोलावले. मीही जांभई संपल्यावर हात वर ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तो हळूहळू खाली गेला आणि नंतर कितीही सांगितले तरी उठला नाही. फिजिओथेरपिस्टनी आम्हां दोघींना जवळ बसवून सांगितले, की पक्षाघात झालेला हात जांभईबरोबर उचलला जाणे ही परिचित गोष्ट आहे. ही हालचाल मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांतून येते आणि तिच्यावर इच्छेचा ताबा नसतो. म्हणून ती दिसली नाही तरी निराश होऊ नये आणि दिसली तरी तिला सुधारणा समजू नये. तो दिवस आमच्या घरात फार जड गेला. पण ते वेळीच आणि खरे सांगितले गेले, याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे.

ताठरपणा मोजण्याची एक श्रेणी असते. शून्य म्हणजे अजिबात ताठरपणा नाही आणि चार म्हणजे सांधा हलतच नाही. माझे कोपर दोनवर होते, बोटे तीनवर. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी स्नायू थोडे सैलावले, पण त्यांबरोबर दिवसभर झोप यायची, आणि झोपेत असलेल्या मेंदूकडून डावीकडे लक्ष देण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. म्हणून गोळ्यांची मात्रा कमी करून बोटे मिटणाऱ्या, हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूंमध्ये स्नायू तात्पुरते सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने दिली. त्यांचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारण तीन महिने टिकतो. त्या तीन महिन्यांत बोटे उघडण्याचा सराव झाला नाही तर इंजेक्शन वाया गेल्यासारखेच असते, हे मला आधीच नीट समजावले होते. पायाला मात्र डॉक्टरांनी ते दिले नाही. माझ्या मांडीचा ताठरपणाच मला उभे राहायला आधार देत होता आणि तो सैल केला असता तर गुडघा दुमडला असता. ताठरपणा दिसला की तो घालवलाच पाहिजे, असे नसते.

पायाची सुधारणा हाताच्या आधी झाली. मधल्या मोठ्या धमनीच्या झटक्यात हात आणि चेहरा अधिक सापडतात आणि पाय तुलनेने कमी, त्याला धरूनच हे झाले. पाऊल उचलले जात नसल्याने मी पाय कमरेतून बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळ काढत पुढे टाकायचे. घोट्याला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट बुटात घातल्यावर बोटे जमिनीला घासणे थांबले. तरीही मी दारातून जाताना अडखळायचेच. पुष्कळ दिवस सगळे स्प्लिंटला दोष देत होते, आणि शेवटी लक्षात आले की मला चौकटीची डावी बाजू दिसतच नव्हती. पाऊल न उचलण्यावर स्प्लिंट हा उपाय होता, चौकट न दिसण्यावर मान वळवणे हा होता, आणि दोन्ही केल्यावरच अडखळणे थांबले.

एका त्रासाबद्दल फार कमी लोक बोलतात, म्हणून तो मी थोडा विस्ताराने सांगते. माझा हात पकड करू लागला, पण पकड टिकवू शकत नव्हता. पेला डाव्या हातात धरला आणि कुणी मला प्रश्न विचारला, की पेला पडायचा. बोटांत जोर नव्हता असे नाही. "धरून ठेव" ही आज्ञाच मध्ये विरून जायची. हे केवळ हातापुरतेही नव्हते. डोळे मिटून ठेवायला सांगितले की काही सेकंदांत ते उघडायचे आणि जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली की ती आत जायची. हालचाल सुरू करणे आणि हालचाल टिकवणे ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत, आणि उजव्या गोलार्धाच्या इजेत दुसरे काम विशेषकरून बिघडते. घरात मात्र याचा अर्थ निष्काळजीपणा असाच लागतो. यावर मला शिकवलेला उपाय म्हणजे मोठ्याने बोलणे. "धरते आहे, धरते आहे, धरते आहे," असे मी पेला खाली ठेवेपर्यंत म्हणत असे. माझी भाषा शाबूत होती आणि त्या भाषेने हाताला बांधून ठेवले. पुढे ते शब्द ओठांतल्या ओठांत आले. आजही पायऱ्या उतरताना कठडा धरला की ते मनात चालू असतात.

उजवा हात शाबूत आहे असे सगळे म्हणत, तेही पूर्ण खरे नव्हते. मुद्रिताच्या समासात खूण करताना माझी लेखणी हव्या त्या जागेच्या जरा बाजूला टेकायची. ताकद, वेग, अक्षर सगळे ठीक होते, पण हात नेमका कुठे थांबवायचा हे चुकत होते. हालचालीचा शेवट नेमक्या जागी करण्यात उजव्या गोलार्धाचा वाटा असतो आणि तो दोन्ही हातांना लागतो, असे मला सांगण्यात आले. हे आधी कळले असते तर मी "उजव्या हाताचीही एकदा तपासणी करा" असे स्वतःहून सांगितले असते.

आणि डावा हात करतो तरी काय? तो गेल्यावरच मला याचे उत्तर मिळाले. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा हात धरून ठेवतो. कागद लिहिताना धरतो, बरणी झाकण फिरवताना धरतो, काज बटण घालताना ताणून धरतो. तो नसला की उजवा हात कामाला लागतो आणि वस्तू पळून जाते. तरीही माणूस एका हाताने सगळे जमवायला शिकतो, दात वापरतो, हनुवटी वापरतो, वजन ठेवतो, आणि खरा धोका तिथेच असतो. उजव्या हाताने भागते म्हणून डाव्याला संधी मिळत नाही, संधी नाही म्हणून जमत नाही, जमत नाही म्हणून मेंदू त्याला आणखी विसरतो. लुई पाश्चर यांचे उदाहरण मला अनेकांनी धीर देण्यासाठी सांगितले. १८६८ मध्ये वयाच्या ४५व्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले, आणि रेबीजच्या लशीसह त्यांचे पुष्कळ मोठे काम त्यानंतरचे आहे. ते खरेच आहे. पण त्यानंतर प्रयोगातली हाताची कामे त्यांना बरीचशी सहकाऱ्यांवर सोपवावी लागली, हेही तितकेच खरे आहे. मला ते उदाहरण या दुसऱ्या भागासह जास्त जवळचे वाटते.

सहाव्या महिन्यात, इंजेक्शनच्या परिणामाने मनगट आणि दोन बोटे थोडी वर उचलू लागल्यावर, माझ्या चांगल्या हाताला बांधून ठेवण्याचा उपचार सुरू झाला. एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून आलेल्या या पद्धतीत चांगल्या हातावर जाड मोजा चढवतात आणि जागेपणीचा बहुतेक वेळ, साधारण दोन आठवडे, दुबळ्या हातानेच कामे करायला लावतात. शिवाय रोज काही तास नेमून दिलेला सराव असतो. ज्यांचे मनगट निदान १० अंश तरी मागे वळते आणि बोटे थोडी उघडतात अशांनाच याचा उपयोग होतो, आणि मी जेमतेम त्यात बसत होते. पहिल्या दिवशी कागदाला लावायची एक चिमटी उचलून डबीत टाकायला मला इतका वेळ लागला की मी रडले. दुसऱ्या दिवशी पानांच्या गठ्ठ्यातले एकेक पान उलटायचे होते, आणि त्यात माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. पान उलटायचे तर त्याची डावी कड शोधावी लागते, ती शोधायला मान वळते, मान वळली की हात दिसतो. त्या दोन आठवड्यांत "हात कुठे आहे?" हा प्रश्न मुलीला फारसा विचारावा लागला नाही. हाताची हालचाल ६६ गुणांपैकी मोजतात. पहिल्या महिन्याअखेरीस मला १४ गुण होते, या उपचाराआधी २६ आणि नंतर ३५.

हे गुण पुढे फार वाढले नाहीत. हालचालीतली बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते आणि नंतर वेग मंदावतो, हे मला माहीत होते. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे, आणि गुणांत न दिसणारे काही वापरात दिसते. आज १९ महिन्यांनंतर माझा डावा खांदा अर्ध्यापर्यंत उठतो, बोटे पूर्ण उघडत नाहीत, करंगळीला अजून बधिरता आहे. थकवा आला की सगळे दोन महिने मागे जाते, म्हणून अवघड कामे मी सकाळी करते. मी पुन्हा मुद्रिते तपासते, पूर्वीच्या एकतृतीयांश वेगाने, आणि प्रत्येक पान दोनदा. पानाच्या डाव्या कडेवर तांबडी पट्टी असते आणि तिच्यावर माझा डावा तळवा दाबून ठेवलेला असतो, कागद धरण्यासाठी. मनगटावरचे घड्याळ दर पंधरा मिनिटांनी थरथरते. त्या वेळी मी पाहते, तेव्हा बहुतेकदा हात जागेवर असतो. कधी तो टेबलाखाली गेलेला असतो आणि पान तिरके झालेले असते. मग मी मान वळवते, हात वर आणते, तळवा पट्टीवर ठेवते आणि ती ओळ पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचते.